जड गाडीची धाव

पहाटेचे साडेपाच वाजले होते. फ्रीमाँटच्या घरापुढं माझा भाचा गाडीच्या मागच्या सीटवर जुनी गोधडी अंथरत होता. मला वाटलं, मावशीला वाटेत आडवं होता यावं म्हणून चाललंय. एवढ्यात तो गॅरेजमधून एकेक करत दोन चाकं घेऊन आला, ती गोधडीवर निजवली आणि वरून तिचंच टोक ओढलं. उरलेली दोन डिकीत गेली. चाकांना खेटून जी वीतभर जागा उरली तिथं त्याची बायको, आमची सूनबाई, बसली. मला पुढची सीट मिळाली, पण पायाशी हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि मांडीवर थालीपिठांचा डबा.

“टायरला थंडी वाजते का रे?” मी विचारलं.

“वाजते की. या रबराचे टायर गोठणाऱ्या थंडीत ठेवू नका, तडे जातील, असं बनवणारेच लिहून देतात.” थोडं थांबून म्हणाला, “पण गोधडी सीटला काळं लागू नये म्हणून आहे.”

आम्ही निघालो होतो क्रोज लँडिंगला. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, शेतांच्या आणि बागांच्या मधोमध, अमेरिकी नौदलानं दुसऱ्या महायुद्धात बांधलेलं हे एक सहायक विमानतळ. नौदल कधीच निघून गेलं. रुंद धावपट्टी राहिली, आणि तिच्यावर सुट्टीच्या दिवशी नारिंगी शंकू मांडून मोटारींचे शौकीन ऑटोक्रॉस खेळू लागले.

हा खेळ बघायला अगदी साधा. शंकूंनी आखलेल्या वाकड्यातिकड्या वाटेनं गाडी शक्य तितक्या लवकर काढायची. गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत, सगळं भांडण घड्याळाशी. एक धाव अर्ध्या ते एका मिनिटात आटोपते. शंकू पाडला तर २ सेकंदांचा दंड, वाट चुकली तर ती धाव बाद. दिवसभरात पाच-सहा धावा मिळतात, त्यातली सगळ्यांत चांगली धरायची. उरलेला वेळ दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलायला उन्हात उभं राहायचं, त्यातून डॉक्टर, वकील, कुणाचीही सुटका नाही. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या खेळाला ‘सोलो’ म्हणतो. त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून भरते, हल्ली नेब्रास्कातल्या लिंकनला, जुन्या हवाईतळाच्या काँक्रीटवर. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की मातीचा ट्रॅक आणि धुरळा डोळ्यांपुढं येतो. इथं पक्की जमीन असते, घसरण्याची मजा नसते. वेग फार नसतो, साधारण हायवेवर असतो तेवढाच. म्हणजे इंजिनाचा मोठेपणा मिरवायला जागाच नाही. उरतात चार टायर.

आणि आमची गाडी होती जड.

टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स, फ्रीमाँटच्याच कारखान्यात बनलेली. वजन १,८४० किलोच्या आसपास. या खेळातली जुनी लाडकी गाडी म्हणजे माझदा मियाटा, तिची आताची पिढी साधारण १,०६० किलो. ‘तीन सेकंदांत ताशी शंभराला भिडते’ असं सांगत फिरणारी आमची गाडी आपलं वजन सरळ रस्त्यावर लपवून ठेवते. बॅटरी तळाशी पसरलेली, त्यामुळं वळणात डुलतही नाही. बसणाऱ्याला कळतच नाही की आपण म्हशीवर स्वार आहोत. कळतं ते फक्त टायरला.

भाच्यानं हा हिशेब मला पाटरसन पासच्या चढावर समजावला, आणि तो मला पटला. मियाटाच्या टायरची रुंदी २०५ मिलिमीटर. आमच्या मॉडेल ३ परफॉर्मन्सला कारखान्यातून मिळालेला टायर २३५चा. वजन पावणेदोन पट, रुंदी मात्र सव्वापटसुद्धा नाही. त्यात रबराचा एक वाईट स्वभाव असा, की त्याच्यावर दुप्पट भार टाकला म्हणजे पकड दुप्पट होत नाही. वाढते, पण भाराच्या मानानं मागं पडत जाते. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं. लाकडी ठोकळ्यापुरतं ते ठीक आहे. रबर रस्त्याच्या बारीकसारीक खाचांत शिरून धरतं, आणि दाबून दाबून शेवटी किती शिरणार? म्हणून हलकी गाडी त्याच रबरावर जास्त जोरात वळते. वळणात आणखी पंचाईत अशी की भार बाहेरच्या बाजूला सरकतो. गाडी अगदी टोकावर असते तेव्हा एकूण वजनाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपासचा भाग बाहेरच्या दोन चाकांवर येतो. आतली दोन नुसती सोबतीला.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पावणेदोन पट वजन म्हणजे त्याच वेगाला पावणेदोन पट ऊर्जा. ती वळवायची, थोपवायची, पुन्हा ढकलायची, सगळं त्याच चार तळहाताएवढ्या जागांतून. त्यातली जी रबरात मुरते ती उष्णता होते. तापलेलं रबर आधी चिकट होतं, मग बुळबुळीत.

विजेच्या जड गाडीचं आणि टायरचं हे नातं जुनंच आहे म्हणा. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिल जेनात्झी या बेल्जियन माणसानं टॉर्पेडोसारख्या आकाराची गाडी १०५.८८च्या वेगानं पळवली. गाडीचं वजन दीड टनाच्या जवळपास आणि खाली मिशेलिनचे हवेचे टायर. गाडीचं नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे जिचं कधी समाधान होत नाही अशी ती. आमच्या घरातल्या दोघांकडं पाहून मला ते नाव फार आवडलं.

क्रोज लँडिंगला पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. धावपट्टीच्या कडेला ओळीनं गाड्या लागलेल्या, प्रत्येकीच्या भोवती सामानाचा संसार. आल्या आल्या भाच्यानं खिशातून रबराच्या चार जाड चकत्या काढल्या. या गाडीला जॅक लावायच्या चार ठरलेल्या जागा आहेत, तिथं भोकं असतात. चकती त्या भोकात बसवायची आणि जॅक तिच्याखालीच लावायचा. जॅक इकडंतिकडं सरकला तर भार थेट बॅटरीच्या कवचावर. “मागं एका दुकानात पंक्चर काढायला गेलो होतो,” तो म्हणाला, “त्यानं नेहमीच्या गाडीसारखा जॅक सरकवला. मी ओरडलो तेव्हा चहावाला थांबतो तसे सगळे थांबले.” अमेरिकेत चहावाला कुठला, पण उपमा घरचीच येते.

चाकं बदलली. प्रत्येक नट १७५ न्यूटन-मीटरला, खटकी वाजणाऱ्या पान्यानं, समोरासमोरच्या क्रमानं. काढलेल्या टायरमध्ये मला डोकावता आलं असतं तर आत फेसाचा पट्टा दिसला असता, असं सूनबाई म्हणाली. इंजिनाचा आवाज नसल्यामुळं या गाड्यांत टायरचाच गुंजारव ऐकू येतो, तो मारायला कारखाना आतून फोम चिकटवतो. खेळाच्या टायरमध्ये फोम नाही. ते घरघरतात. ही घरघर पुढं किती कामाची आहे हे मला दुपारी कळलं.

टायर कोणता घ्यायचा हा प्रश्न ऐकायला आवडीनिवडीचा वाटतो, पण निम्मं उत्तर नियमपुस्तकानं आधीच देऊन ठेवलेलं असतं. हे दोघं ‘स्ट्रीट’ गटात खेळतात. म्हणजे गाडी जवळजवळ शोरूममधून आली तशी. चाकाची रुंदी मूळचीच हवी, व्यास एक इंच कमी-जास्त चालतो. म्हणून त्यांनी २० इंचाऐवजी १९ इंची चाकं घेतली. लहान रिम स्वस्त, टायर जास्त मापांत मिळतो आणि चाक थोडं हलकं होतं. रिम साडेआठ इंच रुंद, तिच्यावर २५५/३५चा टायर. काही जण २६५ सुद्धा ताणून बसवतात. “बसतो, पण बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात, टायर फुगतो आणि वळताना लचकतो,” भाचा म्हणाला. “जड गाडीला मला तो लचका नको.” बाहेरचा व्यास मूळ टायरचा ६७२ मिलिमीटर, याचा ६६१. गाडी पाव इंचानं खाली आली आणि गिअर किंचित खाली उतरल्यासारखा झाला.

दुसरा नियम ट्रेडवेअरचा. टायरच्या बाजूवर झिजेचा एक आकडा असतो. १००ला प्रमाण धरून बनवलेल्या टायरच्या तुलनेत हा किती टिकेल, याचा तो अंदाज. परीक्षा टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर होते. गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवतात आणि नक्षी किती झिजली ते मोजतात. २०१४ साली क्लबनं जुन्या ‘स्टॉक’ गटाच्या जागी ‘स्ट्रीट’ आणला आणि खास शर्यतीच्या रबराला त्यातून बाहेर काढलं. आता किमान आकडा २०० लागतो. हेतू चांगला होता. लोकांनी रस्त्याच्या टायरवर यावं आणि खर्च कमी व्हावा. पण हा आकडा अखेर टायर बनवणाराच ठरवून छापतो, आणि स्पर्धा म्हटली की माणूस नियमाच्या भिंतीला पाठ घासतोच. २०१५ मध्ये ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आला आणि २०० हा आकडा छापूनसुद्धा किती चिकट रबर बनवता येतं ते सगळ्यांना दिसलं. तेव्हापासून हे ‘रस्त्याचे’ टायर दरवर्षी जास्त चिकट आणि कमी टिकाऊ होत चाललेत. कागदावर सगळे दोनशेचेच. मला तरी हे खव्यात मैदा मिसळून वर ‘शुद्ध’ लिहिण्याच्या जातीचं वाटतं, फक्त इथं गिऱ्हाईकच मैदा मागतं.

बाजारात निवड मोठी असली तरी धावपट्टीवर गप्पा तीन-चार नावांभोवतीच फिरतात. योकोहामाचा ए०५२ पहिल्याच धावेपासून धरतो. गारठलेल्या सकाळी त्याच्यासारखा दुसरा नाही, पण तापतोही झटकन. ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस थोडा उशिरा रंगात येतो आणि उष्णता जास्त सोसतो. हँकूकचा आर-एस४ घोड्यासारखा टिकतो, पण त्याला गरम व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात ऑटोक्रॉसची धाव संपून जाते. हलक्या गाडीचा एकटा ड्रायव्हर डोळे झाकून पहिला घेईल. आमची गाडी जड, वर तिला ड्रायव्हर दोन. दोघं एकाच गाडीत आळीपाळीनं धावा काढतात, म्हणजे टायरला श्वास घ्यायला अर्धाच वेळ. म्हणून यांनी उशिरा तापणारा घेतला. “याची पहिली धाव माझ्या वाट्याला,” भाचा म्हणाला, “गार टायरवरची. ही मागून चढते आणि माझ्या भाजलेल्या भाकरीवर तूप घालून घेते.”

सूनबाई कोल्हापूरची. तिनं उत्तर दिलं नाही, खडू उचलला.

खडू साधा, शाळेतलाच. टायरच्या नक्षीची कड जिथं बाजूच्या भिंतीला मिळते त्याला खांदा म्हणतात. तिथं छोटे त्रिकोण कोरलेले असतात. सूनबाईनं खांद्यापासून भिंतीपर्यंत प्रत्येक चाकावर तीन ठिकाणी जाड रेघा ओढल्या. धाव झाल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. त्रिकोणापर्यंत पुसली तर टायर हवा तेवढाच कलंडला. खाली भिंतीवर गेली तर हवा कमी आहे, टायर कुशीवर लोळतोय. त्रिकोणाच्या बऱ्याच वर थांबली तर हवा जास्त, खांदा कामालाच लागला नाही. हजारो डॉलरच्या यंत्रापुढं उकिडवं बसून खडूची रेघ वाचणाऱ्या त्या पोरीकडं मी बघत राहिले.

कारखाना या गाडीच्या थंड टायरमध्ये ४२ पीएसआय हवा सांगतो. जड गाडी, लांबचा पल्ला, बॅटरीची बचत, सगळं त्या आकड्यात धरलेलं. हे दोघं ३६ला सुरुवात करतात. तापमान साडेपाच अंश सेल्सियसनं चढलं की हवा साधारण १ पीएसआय वाढते, म्हणून प्रत्येक धावेनंतर मीटर लावून थोडी सोडायची. किती, ते खडू सांगतो. दहाच्या सुमारास ऊन चढलं आणि हवा सोडण्याचा फुस्स आवाज सगळ्या ओळीभर ऐकू येऊ लागला.

हा टायर २५५चा असो की कितीचा, त्याच्यावर भाराचाही आकडा असतो, तो आपल्याकडं कुणी वाचत नाही. मूळ टायरवर ‘२३५/३५ आर २० ९२ वाय’ लिहिलंय. त्यातला ९२ म्हणजे एका टायरनं ६३० किलो पेलावेत. जड गाडीला टायर बदलताना रुंदी आणि नाव बघून भागत नाही, हा आकडा मूळच्यापेक्षा खाली येऊन चालत नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत तीन विजेच्या गाड्या आहेत. परत गेल्यावर मी खाली जाऊन तिन्हींचे टायर वाचणार आहे.

पहिल्या वर्षी भाच्यानं कारखान्याच्याच टायरवर हौस भागवली होती. सात-आठ रविवारांत पुढच्या दोन्ही टायरचे बाहेरचे खांदे असे गेले की मधे नक्षी ठणठणीत आणि कडेला टक्कल. दोष त्याच्या हाताचा. वळणात फार वेगानं शिरायचं, गाडी वळत नाही म्हणून स्टिअरिंग आणखी पिळायचं. पिळलेलं चाक धरत नाही, खरवडत जातं. चाकांना वरून आत कललेलं ठेवलं, म्हणजे कॅम्बर वाढवला, तर खांदा वाचतो. पण या गाडीत पुढच्या चाकांचा कॅम्बर बदलायची सोय मुळात नाही, आणि सुटे भाग बसवले की गाडी वेगळ्या, जास्त कठीण गटात जाते. शेवटी स्वस्त उपाय उरला तो हात सुधारण्याचा.

सूनबाईचा हात आधीपासूनच सुधारलेला होता. दुपारी तिनं मला शेजारी बसवलं, हेल्मेट घालून. निघताना गाडीनं पाठीत असा धक्का दिला की थालीपीठ आठवलं. पण पहिल्या वळणाच्या बरंच आधी ती संथ झाली. पाय ब्रेकवर गेलाच नाही. या गाडीत उजवा पाय उचलणं हाच अर्धा ब्रेक, मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि भार पुढच्या चाकांवर येतो. झटक्यात उचलला तर पुढचे टायर दबतात, मागचे सुटतात. तिनं पाय दुधावरची साय काढावी तसा उचलला. मग वळण. आणि तेव्हा मला टायर ऐकू आले. इंजिन नाही, गिअर नाही, खिडक्या बंद. खालून एक बारीक, सलग कण्हणं. पुढच्या वळणात तेच कण्हणं किंचित चढलं आणि तिनं लगेच स्टिअरिंग केसभर सैल केलं. स्वर खाली आला. पेट्रोलच्या गाडीतही टायर बोलतच असणार, पण इंजिनाच्या वरातीत कोण ऐकतो?

“किंचाळला की गेला,” धाव संपल्यावर ती म्हणाली. “किंचाळल्यावर पुढची दोन वळणं तो रुसलेलाच असतो. मियाटावाल्यांना लगेच माफी मिळते. आपल्याला नाही मिळत, मावशी, तुम्ही बघा.”

मी बघितलंच. चौथ्या धावेनंतर गाडी रांगेत येऊन थांबली तेव्हा भाच्यानं टायरवर तळहात टेकवला आणि चटकन मागं घेतला. कुणाकुणाकडं सुई खुपसून रबराच्या आतलं तापमान मोजणारी यंत्रं होती. पृष्ठभागाकडं नुसता लाल ठिपका रोखणारा थर्मामीटर फसवतो, कारण वरची कातडी वाऱ्यानं मिनिटाभरात निवते आणि आतला निखारा तसाच राहतो. मग आला बागेत औषध फवारायचा पंप. हाताने दाब भरून सूनबाईनं पुढच्या टायरवर पाणी सोडलं. पाण्याची वाफ होताना ती रबराची उष्णता घेऊन जाते, म्हणून धार धरायची नाही, तुषार मारायचा आणि गाडी चार बोटं पुढं ढकलून उरलेल्या भागावर पुन्हा मारायचा. निघण्याआधी कोरडं व्हायला वेळ ठेवायचा.

वाफ निघाली आणि तो वास आला, तापलेल्या रबराचा नि ओल्या जमिनीचा. मला माझ्या आजोळचा लोहार आठवला. बैलगाडीच्या लाकडी चाकाला जी लोखंडी पट्टी असते तिला आमच्याकडं धाव म्हणतात. ती चाकाहून जराशी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवायची, दोघातिघांनी सांडशीत धरून चाकावर चढवायची आणि लगेच घागरीनं पाणी ओतायचं. चर्र होऊन वाफेत सगळे दिसेनासे व्हायचे. धाव आकसून चाकाला आवळून बसायची. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग यांच्यावर ट्रेडवेअर किती लिहायचे?”

शेवटच्या धावेला ऊन कललं होतं. भाचा आधी गेला. घड्याळात ४७.९ आले, दिवसभरातली त्याची सगळ्यांत वेगवान धाव. पण शेवटून दुसऱ्या वळणात मागच्या चाकानं एक शंकू लोळवला होता, तो मीच उचलून उभा केला, कारण पाहुणी असले तरी मला नारिंगी बंडी घालून कामाला लावलेलं होतं. दोन सेकंद वाढले, आणि दिवस आधीच्या ४८.६वर अडकला. पाण्याचा तुषार, तीन मिनिटांचा श्वास, मग सूनबाई. ४८.१. शंकू एकही नाही. तिनं काच खाली करून आकडा विचारला आणि नुसती मान हलवली.

जॅक, चकत्या, नट. कारखान्याचे टायर परत चढले, हवा पुन्हा ४२. काढलेल्या टायरला जमिनीवरचे खडे चिकटलेले होते, ते भाच्यानं नखानं एकेक काढले. जिंकलेली पुढं बसणार असं ठरलं, त्यामुळं परतीच्या वाटेवर मागची वीतभर जागा माझ्याकडं आली. अंधार पडला होता, एसी गार होता. मी गोधडीचं एक टोक पायांवर ओढून घेतलं आणि शेजारच्या चाकावर हात टेकला. दोन तास झाले होते काढून, तरी ते अजून कोमट होतं.